भाद्रपदातली उमेदवारी

पेण हे नाव उच्चारताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे गणपतीची मूर्ती उभी राहते, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु त्या मूर्तीचे कौतुक करताना कारागिराच्या बोटांविषयी आपण जितके बोलतो, त्याच्या दशांशानेही त्या मूर्तीला नेमक्या तिथीच्या आत नेमक्या घराच्या पाटापर्यंत पोहोचविणाऱ्या व्यापारी बुद्धीविषयी बोलत नाही. पेण शहरातून आणि हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या आसपासच्या गावांतून निघणारा माल मुंबई-पुण्याच्या बाजारात जातो, आणि परदेशी जावयाचा असेल तर पावसाळ्यापूर्वीच बोटीवर चढतो. हा माल नाजूक, अवजड, जागा अडविणारा आणि वर्षातून एकाच मुहूर्ताला खपणारा. असा माल किती घडवावा, कोणत्या उंचीचे किती नग ठेवावेत, बयाणा किती घ्यावा, घाऊक गिऱ्हाइकाला कोणता भाव द्यावा आणि चतुर्थीच्या आदल्या सायंकाळी उरलेल्या मूर्तींचे काय करावे, हे प्रश्न पेणच्या कारखानदाराला आणि त्याच्याकडून माल उचलणाऱ्या दुकानदाराला दरसाल पडतात. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात ‘किरकोळ व्यापाराचे व्यवस्थापन’ या भारदस्त नावाखाली जे शिकविले जाते, त्याचा बराचसा भाग याच प्रश्नांचा बनलेला आहे.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहू. दादरच्या एखाद्या दुकानदाराने पेणहून ६०० रुपयांना एक मूर्ती उचलली आणि ती १००० रुपयांना विकावयाची ठेवली, असे समजा. मूर्ती कमी पडून गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेले तर त्याचा ४०० रुपयांचा नफा बुडतो. मूर्ती उरली तर ६०० रुपये अडकून पडतात, शिवाय ती वर्षभर सांभाळण्याला जागा लागते, रंग उडतो, कान किंवा बोट दुखावते, आणि पुढील वर्षी ती पडत्या भावानेच द्यावी लागते. अशा स्थितीत जो दुकानदार ‘गेल्या वर्षी १०० गेल्या, यंदा १२० मागवू’ असे म्हणतो तो केवळ नशिबाची परीक्षा पाहतो. आणि जो मागील पाचसहा वर्षांच्या चोपड्या काढून कोणत्या आकाराची मूर्ती कोणत्या दिवशी उचलली गेली, कोणती शेवटपर्यंत फळीवर राहिली, हे पाहतो आणि कमी पडण्याचा तोटा व उरण्याचा तोटा एकमेकांशी ताडून मग मागणी नोंदवितो, तो व्यवस्थापक होय. पाश्चात्य ग्रंथांत हाच प्रश्न वर्तमानपत्र विकणाऱ्या पोऱ्याच्या दृष्टान्ताने मांडलेला आढळतो, कारण कालच्या वर्तमानपत्राला आज किंमत नाही. पेणच्या मुलाला तो दृष्टान्त परक्या गावाहून आणण्याची काहीच गरज नाही.

असे असताना पेण आणि रोहे या तालुक्यांतील वाणिज्य शाखेचा सामान्य विद्यार्थी पदवी हाती आल्यावर कोणत्या वाटेने जातो? तो स्पर्धा-परीक्षेच्या वर्गात नाव घालतो, बँकेतील कारकुनीची जाहिरात पाहतो, धाटावच्या औद्योगिक वसाहतीत किंवा डोलवीच्या पोलाद-कारखान्यात कोणी ओळखीचे आहे काय याचा तपास करतो, आणि यांपैकी काहीच न साधल्यास ‘सध्या एका दुकानात आहे’ असे खालच्या आवाजात सांगतो. दुकानात असणे हे आपल्याकडे अजून सांगण्यासारखे मानले जात नाही. ज्याचे स्वतःचे दुकान आहे त्याला मान आहे, परंतु दुसऱ्याच्या दुकानात काम करणारा गुमास्ता कितीही हुषार असला तरी लग्नाच्या बाजारात त्याचे मोल कारकुनापेक्षा कमीच. या समजुतीचे मूळ आपल्या शिक्षणाच्या इतिहासात आहे. १९१३ साली मुंबईत सिडनहॅम कॉलेज स्थापन झाले आणि वाणिज्य हा विषय विद्यापीठाच्या दर्जाला चढला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ ते १९२० या काळात तेथे अर्थशास्त्राचे अध्यापन केले, यावरून त्या संस्थेच्या बौद्धिक प्रतिष्ठेची कल्पना येईल. परंतु त्या परंपरेतून जो पदवीधर निपजला तो हिशेबनीस, तपासनीस, बँकेचा अधिकारी असा. प्रत्यक्ष विक्री ही विद्या पेढीवर, घराण्यात, बापाकडून मुलाकडे जाणारी म्हणून विद्यापीठाबाहेरच राहिली. ज्याच्या घरी पेढी नाही त्याला ती शिकण्याची सोय नव्हती, आणि ज्याच्या घरी होती त्याला पदवीची गरज वाटत नव्हती.

ही व्यवस्था जोपर्यंत दुकानाचा मालक स्वतः गल्ल्यावर बसत होता तोपर्यंत चालण्याजोगी होती. मालकाची नजर हीच देखरेख, मालकाची स्मरणशक्ती हेच दप्तर. परंतु एका मालकाची दहा दुकाने झाली की नऊ ठिकाणी मालक अनुपस्थित असतो, आणि त्या अनुपस्थित मालकाच्या जागी जो उभा राहतो त्याला आपण ‘स्टोअर मॅनेजर’ म्हणतो. १९१६ साली अमेरिकेतील मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या व्यापाऱ्याने गिऱ्हाइकालाच फळ्यांमधून फिरून माल उचलू देण्याचा पायंडा पाडला. त्यापूर्वी नोकराने मागणीप्रमाणे आतून माल आणून द्यावयाचा हा जगभरचा शिरस्ता होता. त्या एका फेरबदलाने दुकानाची मांडणी, वेष्टन, किमतीची चिठ्ठी आणि चोरीचा धोका हे सर्वच विषय नव्याने उभे राहिले. १९७४ च्या जून महिन्यात ओहायो राज्यातील एका दुकानात च्युइंगमच्या पुडक्यावरील बारकोड प्रथमच यंत्राने वाचला गेला, आणि तेव्हापासून कोणता नग किती वाजता विकला गेला याची नोंद मुनिमाच्या मर्जीवर अवलंबून राहिली नाही.

आपल्याकडे या बदलाचे बीज सहकाराच्या भूमीत पडले, ही गोष्ट आजच्या विद्यार्थ्यांना बहुधा सांगितली जात नाही. मुंबईच्या कामगारवस्तीत १९४८ साली ‘अपना बाजार’ उभा राहिला, १९६८ साली ‘सहकारी भांडार’ आले, आणि वारणानगरच्या ‘वारणा बाजार’ने ग्रामीण भागातही एका छपराखाली नाना प्रकारचा माल वाजवी दराने देता येतो हे सिद्ध केले. मुंबई ग्राहक पंचायतीने तर १९७५ पासून दुकानाशिवायच, सभासदांच्या गटागटांना महिन्याचा माल पोहोचविण्याची पद्धत रूढ केली. २००२ साली पवईत ‘डीमार्ट’चे पहिले दुकान उघडले, आणि त्यानंतरचा इतिहास वाचकांच्या डोळ्यांसमोर घडला आहे. माझे मत असे की किरकोळ व्यापार शिकणाऱ्या मुलाला परदेशी कंपन्यांच्या यशोगाथा वाचावयास देण्यापूर्वी या सहकारी भांडारांचे वार्षिक ताळेबंद वाचावयास द्यावेत. कारण यश कसे मिळते याइतकेच, चांगल्या हेतूने चाललेले दुकानही माल अडकून राहिल्याने कसे दमते, हे त्यांत दिसते.

व्यवस्थापक करतो तरी काय, असा प्रश्न सामान्य वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तो प्रथम अंकगणित करतो, आणि हे अंकगणित दिसते तितके सोपे नाही. ८० रुपयांना घेतलेली वस्तू १०० रुपयांना विकली तर नफा किती टक्के? दुकानदार म्हणेल २५, कारण तो खरेदीवर मोजतो. कंपनीचा माणूस म्हणेल २०, कारण तो विक्रीवर मोजतो. आणि या दोन मोजण्यांची गल्लत झाली की ‘विक्रीवर पंचवीस टक्के सूट’ अशी पाटी लावून पठ्ठ्या ८० ची वस्तू ७५ ला देऊन मोकळा होतो. दुसरे गणित उलाढालीचे. १ लाख रुपयांचा माल वर्षातून तीन वेळा खपला आणि प्रत्येक वेळी ३० टक्के सुटले तर वर्षाअखेर ९० हजार हाती येतात. तोच १ लाख बारा वेळा फिरला आणि दर खेपेस १० च टक्के सुटले तरी १ लाख २० हजार येतात. कमी नफ्यावर धंदा करणारी मोठी दुकाने श्रीमंत कशी होतात याचे रहस्य शोधण्याला यापलीकडे जाण्याची गरज नाही, आणि आपल्या बाजारपेठेतील अनेक सालस दुकानदार भरघोस नफ्याच्या वस्तू फळीवर धूळ खात ठेवून कर्जाचे व्याज का भरत बसतात, याचेही उत्तर त्यातच आहे. घाऊक व्यापाऱ्याकडून एकदम मोठा माल घेतल्यास मिळणारी सूट बहुतेकांना दिसते. त्या मालात अडकलेल्या रकमेचे व्याज, उंदीर, ओल आणि मुदतबाह्यता ही चोरपावलांनी येणारी खाती मात्र कोणी कागदावर मांडीत नाही. कोकणातील पावसाळा चार महिन्यांचा असतो, आणि ओलीने बाधलेल्या पोह्याच्या पापडाची किंवा मिरगुंडाची वसुली कोणत्याही विम्यातून होत नाही.

याखेरीज कायद्याचा भाग आहे. २००९ चा वैध मापनशास्त्र अधिनियम आणि त्याखालील २०११ चे आवेष्टित वस्तूंचे नियम यांमुळे बंद पुडीवर वस्तूचे नाव, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, तयार केल्याचा महिना व वर्ष, उत्पादकाचे नाव-पत्ता हा मजकूर असावाच लागतो. खाद्यपदार्थ असेल तर अन्नसुरक्षेचा परवाना क्रमांकही. पेणच्या बचतगटाने केलेला उत्कृष्ट पापड मुंबईच्या मोठ्या दुकानात न पोहोचण्याचे कारण चवीत नसून या चिठ्ठीत असू शकते, आणि ती चिठ्ठी बिनचूक करून देण्यासाठी वाणिज्य शाखेच्या द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी पुरेसा आहे. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाने दुकान आठवड्याचे सर्व दिवस उघडे ठेवण्याची मुभा दिली, परंतु प्रत्येक कामगाराला साप्ताहिक सुटी देण्याचे बंधनही त्याबरोबरच आले. रात्रपाळीला स्त्रीची संमती आणि तिच्या सुरक्षिततेची तजवीज आवश्यक ठरली. शेवटच्या गाडीने पेण किंवा रोहे स्थानकावर उतरणाऱ्या मुलीच्या दृष्टीने हे कलम अभ्यासक्रमातील कोणत्याही सिद्धान्ताहून महत्त्वाचे आहे. विक्रेतीला दिवसभर उभे ठेवण्याचा जो निर्दय प्रघात मोठ्या दुकानांत पडला, त्याविरुद्ध केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली कायदा करून बसण्याचा हक्क दिला. महाराष्ट्रातील भावी व्यवस्थापकाने त्यासाठी कायद्याची वाट पाहू नये; स्टुलाची किंमत फार नसते.

आता ही विद्या पेण-रोह्याच्या मुलांना कोठे उपयोगी पडेल, याचा विचार करू. दिव्याहून रोह्यापर्यंत गाडी धावते आणि रोह्यापासून कोकण रेल्वेची हद्द सुरू होते. मुंबई-गोवा महामार्ग पेणला स्पर्श करून जातो. अलिबागकडे जाणारा शनिवार-रविवारचा प्रवासी वडखळच्या नाक्यावर वळतो. २०२४ च्या जानेवारीत शिवडी ते न्हावा-शेवा हा अटल सेतू खुला झाला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. या दळणवळणाच्या मागोमाग दुकाने येणार हे सांगण्याला ज्योतिषाची जरुरी नाही. प्रश्न इतकाच की त्या दुकानांत आमची मुले गणवेश घालून दारापाशी उभी राहणार, की माल-खरेदी, साठा, मांडणी आणि मनुष्यबळ यांची मुखत्यारी त्यांच्या हाती येणार. विक्री-सहायकापासून विभागप्रमुख, तेथून दुकानाचा व्यवस्थापक, पुढे अनेक दुकानांवर देखरेख करणारा क्षेत्र-व्यवस्थापक अशी या धंद्यातील पायऱ्यांची रचना आहे, आणि या पायऱ्या चढताना वशिल्यापेक्षा आकडे अधिक बोलतात हा या धंद्याचा मोठा गुण मानला पाहिजे. पहिली पायरी मात्र थकविणारी आहे. सणासुदीला जेव्हा घरची माणसे एकत्र जमतात तेव्हाच या माणसाला रजा नसते, आणि हे सत्य प्रवेशाच्या दिवशीच मुलांना व त्यांच्या आईवडिलांना स्पष्ट शब्दांत सांगितले जावे.

शिक्षणाची साधने गावात आहेत. पेणला भाऊसाहेब नेने महाविद्यालय आहे, रोह्याला डॉ. चिंतामणराव देशमुखांच्या नावाचे वाणिज्य महाविद्यालय आहे, आणि ते नाव तेथे शोभूनही दिसते, कारण १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले, पुढे देशाचे अर्थमंत्री आणि १९५६ नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष राहिलेले हे गृहस्थ याच परिसराचे. पैशाचा व्यवहार आणि उच्च शिक्षण या दोहोंचा कारभार एकाच माणसाने पाहिल्याचे असे उदाहरण दुर्मीळ आहे. याच परिसराने दुसरी बाजूही पाहिली: २०१० साली पेण अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि हजारो ठेवीदारांची आयुष्यभराची पुंजी अडकली. जमाखर्च खोटा असला तर त्याची झळ कोठवर पोहोचते, हे ज्या गावाने सोसले आहे तेथे खऱ्या किर्द-खतावणीचे महत्त्व विद्यार्थ्यांना पटवून देण्यास वेगळे व्याख्यान लागणार नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून जी पदवीची रचना आली, तीत सहाव्या सत्रात प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी उमेदवारी करण्यासाठी ४ श्रेयांक, म्हणजे १२० तास, राखून ठेवलेले आहेत. ही तरतूद उत्तम आहे, आणि तिची वेळ किरकोळ व्यापारापुरती अगदी चुकीची आहे. सहावे सत्र हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपते. त्या महिन्यांत कोकणातील बाजार मंद असतो. लग्नसराईचे कापड आणि भांडी सोडली तर दुकानदार स्वतःच माशा मारीत बसलेला असतो, तो विद्यार्थ्याला काय दाखविणार? खरा बाजार श्रावणात जागा होतो, भाद्रपदात उसळतो आणि दिवाळीला कळसाला जातो. गर्दीत रांग कशी हलवावी, संपत आलेला माल कसा हेरावा, तुटलेल्या मूर्तीवरून रागावलेल्या गिऱ्हाइकाशी काय बोलावे, रात्री गल्ला आणि यंत्रातील विक्री यांचा मेळ कसा घालावा, या साऱ्याचा धडा त्या सुमारे तीन महिन्यांत मिळतो, आणि नेमक्या त्याच वेळी आमचा विद्यार्थी पाचव्या सत्राच्या वर्गात ‘ग्राहकाचे वर्तन’ या प्रकरणाच्या टिपणी उतरवून घेत बसलेला असतो.

उमेदवारी मोठ्या दुकानातच व्हावी, हा आणखी एक गैरसमज. साखळी-दुकानात विद्यार्थ्याला शिस्त, यंत्रणा आणि नोंदींची पद्धत दिसते, परंतु निर्णय दिसत नाहीत. ते दूरच्या मुख्य कचेरीत झालेले असतात, आणि त्याच्या वाट्याला फळी भरण्याचे काम येते. पेणच्या बाजारपेठेतील किराणा-भुसाराच्या दुकानात किंवा रोह्याच्या कापडवाल्याकडे नोंदी अपुऱ्या असतील, पण निर्णय त्याच्या डोळ्यांदेखत होतात: कोणाला उधार द्यावे आणि कोणाला गोड बोलून परतवावे, नव्या कंपनीच्या विक्रेत्याने दिलेल्या आमिषाला भुलावे की नाही, आदिवासी वाडीवरून आलेल्या बाईला ५ रुपयांचे तेल देताना किती अदब राखावी. उधारीच्या बाबतीत तर जुना दुकानदार गिऱ्हाइकाची पत ज्या कौशल्याने जोखतो त्यापुढे बँकेचा तपासणी-तक्ता फिका पडेल. विद्यार्थ्याने त्याच्याकडून ती नजर घ्यावी आणि मोबदल्यात त्याच्या मालाची वस्तुवार यादी, मुदतीच्या तारखा आणि उलाढालीचा तक्ता करून द्यावा, हा सौदा दोघांनाही परवडणारा आहे.

मात्र उमेदवारीच्या नावाखाली फुकटची हमाली करून घेण्याचा मोह दुकानदारांना होणारच, हे गृहीत धरून महाविद्यालयाने लेखी करार करावा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांनाही त्याची दारे उघडली, आणि त्या कायद्याखाली विद्यावेतन देणे बंधनकारक आहे; पदवीपूर्व उमेदवारीला तो कायदा तंतोतंत लागू नसला तरी त्यातील न्याय लागू करण्यास कोणाची आडकाठी नाही. गाडीभाडे आणि दुपारचे जेवण एवढे तरी विद्यार्थ्याला मिळालेच पाहिजे. अध्यापकांनीही आठवड्यातून एकदा बाजारात फेरी मारावी. वाणिज्याचा प्राध्यापक बाजारात केवळ भाजी घ्यावयास दिसतो, ही स्थिती फारशी भूषणावह नाही.

तेव्हा मुंबई विद्यापीठाच्या वाणिज्य अभ्यासमंडळास माझी विनंती अशी की, किरकोळ व्यापार निवडणाऱ्या विद्यार्थ्यांपुरते हे १२० तास सहाव्या सत्रातून काढून पाचव्या सत्रात, श्रावणाच्या आरंभापासून दिवाळीपर्यंत पसरून, करण्याची मुभा महाविद्यालयांना द्यावी. त्यासाठी नवा अभ्यासक्रम नको, नवी इमारत नको, निधीही नको. एक परिपत्रक पुरे. आणि पेण व रोहे येथील व्यापारी मंडळींनी त्या परिपत्रकाची वाट न पाहता आपापल्या गावच्या प्राचार्यांना पत्र लिहून, येत्या हंगामात आपण किती विद्यार्थी घेऊ, त्यांना कोणते काम देऊ आणि किती विद्यावेतन देऊ, एवढे ज्येष्ठ संपण्यापूर्वी कळवावे.